जिंकलेल्या माणसाला आवतण

गोव्याच्या जुगाराच्या जहाजावरून जिंकून आलेल्या माणसाला जहाजवाले परत बोलावतात, तेही फुकट खोली, फुकट जेवण आणि वर खेळायला फुकट चिप्स देऊन, ही गोष्ट कुंभिवलीत कुणाच्याच गळी उतरत नव्हती. हरलेल्याला बोलावलं तर समजण्यासारखं आहे. गिऱ्हाईक चांगलं आहे, अजून थोडं पिळून घेऊ, असा विचार असतो. पण जो तुमच्या घरातून तीन लाख उचलून गेला, त्यालाच पुन्हा दार उघडून "या, बसा" म्हणायचं म्हणजे ते जहाजवाले एकतर वेडे किंवा फारच सज्जन.

जिंकून आलेला माणूस होता प्रवीण. हायवेला लागून त्याचं जांभ्या चिऱ्यांचं यार्ड. कर्जतकडे फार्महाऊस बांधणाऱ्या मुंबईकरांना अलीकडे कोकणातल्यासारख्या लाल भिंती हव्या असतात, त्यामुळे धंदा बरा चालला होता. जानेवारीत तो चौक गावच्या सहदेव गॅरेजवाल्याबरोबर गोव्याला गेला. दोघे हौसेने नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर चढले आणि प्रवीण पत्त्यांचा अंदर-बाहर खेळून तीन लाख घेऊन उतरला. सहदेवने चाळीस हजार घालवले. परत आल्यावर घरात नवा फ्रीज आला, लेकीला, अपेक्षाला, स्कूटी आली, आणि महिन्याभरात प्रवीणला जहाजवाल्यांचे फोन यायला लागले. सहदेवला एकही नाही.

"हरलो मी, आनि आवतण ह्याला!" सहदेव नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर येईल त्याला ऐकवायचा. "निदान येक चहा तरी पाजायचा ना मेल्यांनी मला!"

टपरीवाल्या पोपटचं म्हणणं, त्यांना आपले पैसे परत काढायचेत. दुसरा कुणी म्हणे, जिंकणाऱ्याला बघून बाकीच्यांना चेव येतो, म्हणून मिरवायला नेतात. प्रवीण नुसता मिशीत हसायचा. त्याच्या मते हा सरळसरळ मान होता. खेळ कळणारा माणूस त्यांनी ओळखला आणि ते त्याला मानाने बोलावतायत, यात एवढं डोकं खाजवण्यासारखं काय आहे?

ते का बोलावतात याच्याशी छायाला, म्हणजे त्याच्या बायकोला, सुरुवातीला काही देणंघेणं नव्हतं. तिला दिसत होता तो नवऱ्याचा पाय. जेवायला बसला की त्याचा उजवा गुडघा हलायला लागायचा, तो हात धुवेपर्यंत. चार घास खाल्ले की फोन उलटा करून बघायचा. मग उठायचा, फाटक उघडायचा, रस्ता बघायचा, फाटक लावायचा. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. यार्डात गिऱ्हाईक उभं असलं तरी त्याचं लक्ष तिसरीकडेच. पूर्वी हाच माणूस एका चिऱ्यावर दुसरा चिरा ठेवून त्यावर बसायचा आणि ट्रक रिकामा होईपर्यंत हलायचा नाही.

त्याची अस्वस्थता संसर्गासारखी तिलाही लागली. भाकरी थापताना ती कान फाटकाकडे ठेवायची. तो बाहेर गेला की कुठे गेला म्हणून घोर, घरात असला की आता उठेल म्हणून घोर. फेब्रुवारीत एकदा आणि मार्चमध्ये एकदा तो चिरे बघायला तळकोकणातल्या खाणीवर गेला, तेव्हा तीन-तीन दिवस तिला शांत वाटलं होतं. नंतर आठवून तिला स्वतःचाच राग आला, पण ते नंतर.

"त्या जहाजावर परत जायचं नाय हां," ती त्याला म्हणायची.

"अगं, मी काय जुगारी हाय का? येक तास बसलो, नशीब लागलं, उठलो. येकच तास. ईच्यार सहदेवला."

सहदेवला विचारण्यात अर्थ नव्हता. तो वीस मिनिटांत खिसा रिकामा करून वर डेकवर जाऊन झोपला होता.

अशात वैशाखात ते कार्ड आलं. कुरियरने. जाडजूड, तांबडं, सोनेरी अक्षरांचं, आत रेशमी गोंडा. येत्या रविवारी दुपारी कर्जतजवळच्या एका रिसॉर्टवर कॅसिनोने आपल्या खास पाहुण्यांसाठी भोजन ठेवलं होतं. सहकुटुंब यावं. खाली हाताने लिहिलं होतं, "प्रवीण सर, तुमची वाट बघतोय. आरोही."

लग्नसराईचे दिवस, भिंतीवर खिळ्याला आधीच सात पत्रिका लटकत होत्या. प्रवीणने आठवी त्यांच्या वर लावली. आणि तारीख बघून त्याचं तोंड कडू झालं. त्याच रविवारी, त्याच दुपारी, चौकला पुतण्याचा, ओमकारचा साखरपुडा. ओमकारचा बाप नाही. काका म्हणून पाटावर बसायचं होतं प्रवीणनेच.

"मी तोंड दाखवून निघतो तिथनं," तो म्हणाला. "अर्ध्या तासात कर्जत."

"पाटावरनं उठून?" छायाने विचारलं.

दोघांची जुंपणार एवढ्यात ओटीवर वाल सोलत बसलेल्या आनंदीबाईंनी मान वर केली. ही प्रवीणची आत्या. माहेरी येऊन राहिली त्याला तीस वर्षं झाली, आणि कुणाकडे कुणी जायचं याचा निकाल या घरात तीच द्यायची. इकडे आवतण आलं की घरटी एक माणूस गेलाच पाहिजे. वैऱ्याचं आलं तरी. न जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. पण जायचं ते घराने, अमक्यानेच असं काही नाही. बाप अडकला तर लेक जातो, नवरा अडकला तर बायको जाते.

"भावकीच्या मांडवात तू," आनंदीबाई म्हणाल्या. "तिकडं छाया जाईल. आवतण कुनाचंच मोडायचं नाय. आनि रित्या हातानी जायचं नाय गं, सांगून ठेवते."

"आत्ये, ते तसलं आवतण नाय गं!" प्रवीण कळवळून म्हणाला.

"कसलं मग?"

आता हे आवतण नाही, तर मान कसला? आणि मान नाही, तर इतके दिवस मिशीत हसत होता ते कशाला? छायाला हसू आलं. तिला ते दाबावं लागलं नाही, कारण पाठोपाठ भीतीही आली. ती कधी कुठल्या रिसॉर्टच्या दारात उभी राहिली नव्हती. पण नवऱ्याचा पाय तिकडून कोण हलवतंय ते एकदा डोळ्यांनी बघायचं, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं.

रविवारी तिने जरीच्या काठाची साडी नेसली. घरचा नवा तांदूळ, पाच किलो, धुतलेल्या पिशवीत भरला. वर नारळ ठेवला. अपेक्षाने स्कूटीवरून पळसदरीच्या रस्त्याने नेऊन तिला फाटकाशी सोडलं आणि ती साखरपुड्याला उलटी पळाली. वॉचमनने पिशवी बघितली, साडी बघितली आणि मागच्या दाराकडे बोट दाखवलं. छायाने तांबडं कार्ड पुढे केलं. वॉचमन सलाम ठोकून बाजूला झाला.

आत थंडगार हॉल. कडेला जेवण मांडलेलं, मधे हिरव्या कापडाची दोन टेबलं. तिथे खोट्या चिप्स घेऊन नुसती गंमत म्हणून खेळायचं होतं, पैसा लावायचा नव्हता. आलेले सगळे पुरुषच म्हणायचे. पुण्याचे, पनवेलचे, कुणी बिल्डर, कुणी ट्रान्सपोर्टवाला. प्लेटा हातात, तोंडाने हसणं-बोलणं. छाया भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिची नजर सवयीने खाली गेली. खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे गुडघे हलत होते.

आतापर्यंत तिला वाटत होतं, हे आपल्याच घरात आहे.

"नमस्कार मॅडम, मी आरोही." काळा कोट घातलेली एक तरतरीत मुलगी समोर आली, पंचविशीची असेल. "तुम्ही प्रवीण सरांच्या मिसेस? सर नाही आले?"

"त्यांना भावकीत जावं लागलं. म्हनून घरातनं मी आले." छायाने पिशवी पुढे केली. "हे आमच्याकडनं. घरचा हाय. नवा तांदूळ."

आरोहीने पिशवी घेतली आणि ती नुसती बघत राहिली. आजवर पाहुण्यांनी तिच्याकडे खोली मागितली होती, दारू मागितली होती, विमानाचं तिकीट मागितलं होतं. आहेर कुणी आणला नव्हता. तिने वाकून तांदळाचा वास घेतला आणि तिची ती इस्त्री केलेली भाषा एकदम गळून पडली.

"काकी, आमचं घर हितंच साजगावला हाय," ती हळूच म्हणाली. "बाबा कंपनीत होते. चला, तुमी बसा आधी. मी ताट आनते."

तिने छायाला कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं, ताट आणलं आणि स्वतः समोर बसली. छाया जेवली. आवतणाला आलं की जेवायचं असतं. ताक पिऊन झाल्यावर तिने विचारलं.

"येक सांग पोरी. आमचे हे तुमच्याकडनं पैसे घेऊन आले. तरी तुमी त्यांनाच बोलावता. आमचे सहदेव भावजी हरले, त्यांना कुनी ईचारत नाय. असं का?"

"किती वेळ बसले होते ते?"

"वीस मिनिटं."

"मग ते बसलेच नाय, काकी." आरोही हसली. "आमी कोन जिंकलं, कोन हरलं ते बघत नाय. प्रत्येकाचं कार्ड असतं. कवा बसला, कवा उठला, डावाला किती लावतो, येवढंच लिहितात. त्यावरनं कळतं, हा मानूस असाच बसत राहिला तर आमच्याकडं किती ठेवून जाईल. त्यातलाच थोडा भाग आधी त्याच्यावर खर्च करायचा. खोली, जेवन, चिप्स. आज जिंकला असंल तर जिंकू दे. ती येका दिवसाची गोष्ट."

"आनि जो जिंकून लगेच उठतो?"

"त्याला कशाला बोलवायचं? तो घेऊन जातो आनि येत नाय. तसल्यांची नावं हळूहळू गळतात." आरोही पुढे झुकली. आपण चांगली बातमी देतोय असं तिला वाटत होतं. "प्रवीण सरांचं तसं नाय. सर म्हणजे येकदम वरच्या यादीत. पयल्यांदा आले तेव्हाच सात तास बसले. फेब्रुवारीत अकरा. मार्चमध्ये तर दुपारी बसले ते दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, सोळा तास. मीच नाश्ता टेबलावर पाठवला. आनि पैशात अजून वरच आहेत हां सर, थोडे कमी झाले, पन वरच."

छायाने ताकाचा रिकामा पेला ताटात ठेवला. फेब्रुवारी. मार्च. तळकोकणातल्या खाणी. तीन-तीन दिवस शांत वाटलं होतं तिला! ज्या दिवसांत ती निवांत पाठ टेकत होती, त्या दिवसांत तो तिथे सोळा तास मांडी ठोकून बसला होता.

"हां," ती म्हणाली. "चिरे बघायला गेले होते तवा."

पण साजगावची पोरगी मूर्ख नव्हती. तिने छायाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिचं हसू विझलं. "काकी... तुमाला म्हायत नव्हतं?"

छाया ताट बाजूला सारून म्हणाली, "त्यांचं नाव काढून टाक पोरी. त्यांना बोलवू नको."

"मला नाय काढता येत. माजा पगार त्यांच्या बसन्यावर हाय, काकी. खोटं कशाला बोलू? बाबांना अजून सांगितलं नाय मी कुठं काम करते. म्हनते, हॉटेलात." आरोहीने आजूबाजूला बघितलं, मग फायलीतून एक छापील कागद काढून घडी घातला. "हा फॉर्म असतो. मला आत घेऊ नका, फोन करू नका, असं खेळनाऱ्यानं स्वतः लिहून द्यायचं. त्याची सही पायजे. मग तो कितीबी बडा असला तरी बंद. हे आमी आपनहून कुनाला सांगत नाय." आणि तिने त्यासोबत एक सोनेरी पाकीटही दिलं. "हेही न्यावं लागंल. सरांचं नवीन. तीन रात्री, दोघांचं विमान. नाय दिलं तर मला ईचारतील."

छाया टमटम बदलत बदलत साडेतीनला घरी पोचली. प्रवीण साखरपुड्यातून तिच्या आधीच परतला होता आणि ओटीवर येरझाऱ्या घालत होता. पाहुणे जेवायला बसले तेव्हाच तो सटकला होता.

"काय म्हनले? किती लोक होते? पाकीट दिलं काय?"

छायाने पाकीट दिलं. त्याने ते खाली बसून फोडलं, वाचलं, आणि त्याचे कान लाल झाले. "बघितलंस? दोघांचं विमान! ह्याला मान म्हन्तात. सहदेवला दाखवतो आता."

मग तिने दुसरा कागद त्याच्यापुढे ठेवला. आणि सांगितलं. सात तास, अकरा तास, सोळा तास, आणि अजून पैशात वर आहेत, तेही. आवाज चढवला नाही. आनंदीबाई आणि अपेक्षा अजून चौकलाच होत्या, घरात दोघंच होती, तरी ती हळू बोलली, कारण मोठ्याने बोलली असती तर रडली असती.

प्रवीण आधी त्या पोरीवर चिडला. मग छायावर. मग म्हणाला, "हरलो का पन? सांग, हरलो का? ती पन म्हनली ना, वर हाय म्हनून? जिंकनाऱ्या मानसाकडनं कसली सही मागतेस गं तू?"

तो हरला असता तर भांडता आलं असतं. छाया त्या हलणाऱ्या गुडघ्याकडे बघत राहिली. संताप होता, कीव होती, आणि या माणसाशिवाय आपलं घर कसं असेल याची पहिल्यांदाच लागलेली धास्ती होती.

"ठीक हाय," ती म्हणाली. "तुमी खेळनारे, तर माझ्याशी खेळा. तिथं सोळा तास बसलात. हितं माझ्यासमोर येक तास बसायचं. फोन आत फ्रीजवर. उठायचं नाय. बसलात तर हा कागद न्हानीच्या चुलीत. उठलात तर सही."

प्रवीण तिच्याकडे बघून हसायलाच लागला. "येक तास? लाव!"

चारला दहा कमी असताना ते ओटीवर समोरासमोर बसले. भिंतीवरचं घड्याळ दोघांना दिसत होतं. पहिली पंधरा मिनिटं प्रवीण ओमकारच्या सासुरवाडीबद्दल बोलला. पुढची दहा चिऱ्यांच्या भावाबद्दल. मग बोलणं संपलं. पंचवीस वर्षं संसार केलेल्या दोन माणसांकडे अर्ध्या तासापुरतंही बोलणं नसावं, हे छायाला आत कुठेतरी फार लागलं. प्रवीणने बोटं मोडली, पायावरची माशी हाकलली, मिशी ओढली. गुडघा तर मोटर लावल्यासारखा. दोनदा तो पुढे सरकला आणि दोनदा मागे झाला. पण बसला. जिद्दीने बसला. चारला दहा कमी होते, ते पाचला दहा कमी झाले.

"झाला!" त्याने मांडीवर थाप मारली. "झाला तास! जिंकलो!"

त्याचा चेहरा उजळून निघाला होता. असा चेहरा तिने जानेवारीनंतर बघितला नव्हता. तिला क्षणभर आनंदच झाला, आणि मग कळलं की हाच तो चेहरा, यासाठीच तो तिकडे जातो. तिने पैज लावून त्याला आणखी एकदा जिंकवलं होतं. कागद आता चुलीत घालावा लागणार. संध्याकाळी तो पाकीट घेऊन सहदेवकडे जाईल, आणि आठवड्याभरात विमानात बसेल.

ती काडेपेटी आणायला उठली, आणि ओटीच्या उंबऱ्यापाशी थांबली. जिंकलेल्या माणसाला ते लोक काय करतात? ते त्याच्याशी भांडत नाहीत. त्याला खोटा ठरवत नाहीत. छायाने आत जाऊन चहा टाकला. आलं जरा जास्त किसलं. बशीत चार खारी मांडल्या.

"जिंकलात खरं," तिने कप त्याच्या हातात दिला. "मला नव्हतं वाटलं. कमाल हाय तुमची."

"मग? तुला काय वाटलं?"

"अजून येक डाव खेळता? या वेळी दोन तास. मी जास्त लावते. जिंकलात तर कागद चुलीत आनि तुमची बॅग मी सोता भरून देते. पुन्यांदा कुठं जाता, काय करता, जल्मात ईचारनार नाय. हरलात तर सही. नको असंल तर राहू द्या, कागद आत्ताच जाळते. तुमी जिंकलेलेच आहात."

हे बोलताना तिला लाज वाटत होती. आपल्याच नवऱ्याला, खाऊ घालून, गोड बोलून, खड्ड्याकडे न्यावं तसं ती नेत होती. आणि तो नको म्हणाला तर सगळं संपणार होतं. तो नुसता उठून बाहेर गेला तरी संपणार होतं.

प्रवीणने खारी चहात बुडवली. विचार करावा इतकाही वेळ त्याने घेतला नाही. "दोन तास ना? लाव."

पाच वाजून पाच मिनिटांनी ते पुन्हा बसले. या खेपेला तो पहिल्यापासूनच गप्प होता. हायवेवरून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकला त्याची मान वळायची. साडेपाचला त्याला घाम फुटला. पावणेसहाला तो घड्याळाकडे बघायचा थांबला आणि घराच्या आतल्या दाराकडे बघू लागला. छायाने स्वतःचे हात मांडीत घट्ट धरून ठेवले होते. तिला वाटलं, नको, पुरे, थांबवावं. ती थांबली नाही.

सहाच्या ठोक्याला प्रवीण म्हणाला, "फोन वाजतोय."

"नाय वाजत."

"अगं वाजतोय. त्या आरोहीचा असंल."

पुढचं त्याचं त्यालाही कळलं नाही. छाया बसल्या जागेवरून त्याच्याकडे बघत होती. तो फ्रीजपाशी उभा होता, फोन कानाला लावून. मग त्याने तो कानापासून दूर केला, बघितला. काळा, बंद पडदा. कुणाचाही फोन आला नव्हता. सकाळपासून नाही. त्याने स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग ओटीवरच्या रिकाम्या जागेकडे, आणि त्याचा चेहरा असा काही पडला की छायाने मान फिरवली.

तो परत आला आणि तिच्यासमोर नाही, शेजारी बसला. कागद त्याने स्वतःच ओढून घेतला. खालच्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, "हितं?"

"हितं."

"पयल्या डावाला मी जिंकलो होतो गं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "चहा पिऊन तसाच उठलो असतो तर?"

"तर मी हरले असते," छाया म्हणाली, आणि टोपण काढून पेन त्याच्या हातात दिलं.